भोगावतीकाठची गिरणी

सोमवारी गिरणी बंद असायची, पण तात्या गिरणीतच असायचे. सोमवार हा टाकीचा, म्हणजे छिन्नीनं दगडाला पुन्हा रेघा पाडायचा दिवस. कप्पीच्या साखळीनं वरचा दगड उचलायचा, उलटा करून लाकडी ओंडक्यांवर निजवायचा आणि पोतं अंथरून त्याच्यापाशी मांडी घालून बसायचं. जवळ एक सरळ पट्टी आणि तिच्या कडेला फासलेला ओला गेरू. ती पट्टी दगडावरून फिरवली की जिथं दगड उंच राहिलाय तिथं तांबडं लागायचं. तेवढ्या जागा आधी टाकीनं उतरवायच्या, मग रेघा. मधल्या भोकापासून कडेपर्यंत तिरक्या जाणाऱ्या रेघा, मध्याशी खोल आणि कडेला येईस्तोवर केसाएवढ्या. टक्, टक्, टक्. दोन टक्क्यांमधलं अंतर कधी चुकायचं नाही. डोळ्यांत कपची उडू नये म्हणून ते डोळे अर्धे मिटून घ्यायचे आणि तरी रेघ सरळ जायची.

मी उंबऱ्यावर बसून हे बघत असे. आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा त्यांनी माझं बोट धरून त्या रेघेतून फिरवलं आणि म्हणाले, “वरल्या दगडाची रेघ अशी जाती, खालल्याची तशी. दगड फिराय लागला की कातरीगत एकमेकींवरनं जात्यात. दाणा मधी फुटतोय आणि कडंला येऊन पीठ होतंय. दगड गुळगुळीत झाला की कातरी मोडली. मग दाणा कापत न्हाई, नुसता रगडतोय. पीठ भाजून निघतंय.” भाजलेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. विरी गेली की भाकरी थापताना कडेला तडे पडतात आणि मग सासू सुनेच्या हाताला नावं ठेवते. दोष बऱ्याचदा दगडाचा असतो. गावातल्या कितीतरी सुनांची लाज तात्यांच्या सोमवारनं राखली असेल.

आमचं गाव करवीर तालुक्यातलं, भोगावतीच्या काठावरचं. नदीकडं उतरणाऱ्या पाणंदीच्या तोंडाला गिरणी. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर. आत एक चपातीचा दगड, एक भाकरीचा, आणि मागच्या खोलीत चटणी कुटायचा डंक. सगळ्यात मागं इंजिनघर. इंजिन मंद चालीचं, मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारं, माणसाच्या कमरेएवढी दोन फ्लायव्हील असलेलं. त्याच्या धुराड्याचा पाइप छपरातून वर गेलेला आणि त्याच्या टोकाला बिजागरीचं पत्र्याचं झाकण. इंजिनानं श्वास सोडला की झाकण उघडायचं आणि पुन्हा पडायचं. पुक्... पुक्... पुक्... हा आवाज शिवारभर जायचा. कोल्हापुरात शाहू मिलचा भोंगा होता, आमच्या गावाला ही पुकपुक होती. आवाज सुरू झाला की बाया डबे उचलायच्या.

इंजिन गार ठेवायला शेजारी सिमेंटचा हौद होता. त्यातलं पाणी इंजिनातून फिरून कढत होऊन पाटात पडायचं. थंडीच्या दिवसांत आम्ही पोरं त्या पाटात पाय सोडून बसायचो. उसाच्या तोडीवरनं आलेल्या बायका हातपाय शेकून घ्यायच्या. उसाच्या पाल्यानं चिरलेल्या हातांना ते कोमट पाणी काय वाटत असेल, हे मला पुष्कळ मोठी झाल्यावर कळलं.

कोल्हापूरच्या माणसाला इंजिनाचं कौतुक उपजत असतं. शिवाजी उद्यमनगरच्या कुठल्याही बोळातून जा, लेथचा आवाज आणि कापलेल्या लोखंडाचा वास येतोच. शेतकऱ्याला नदीचं पाणी वर चढवायचं होतं म्हणून इथं ऑइल इंजिनं घडली, त्यासाठी फाउंड्र्या वाढल्या. दिवसा पाणी उपसणारी तशीच इंजिनं गावोगावच्या गिरण्यांत दळायला लागली. म्हणजे आमच्या भाकरीच्या पिठात नदीचा हात होता, जरा वळसा घालून आलेला.

सरळ हात घातलेली नदी मी पहिल्यांदा पाहिली ती औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात. सातवीत असताना शाळेची सहल गेली होती. वेरूळ झालं, दौलताबाद झालं, पाय दुखायला लागले होते, आणि शेवटी गुरुजींनी आम्हाला खाम नदीकाठच्या पाणचक्कीत नेलं. बाबा शाह मुसाफिर या सुफी संताच्या दर्ग्याचं ते आवार. बाबा मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडचे, आणि नावाप्रमाणे मुसाफिर. शहराबाहेरच्या डोंगराकडून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून पाणी आणलेलं. वाटेत उंच मनोरे, त्यांत पाणी आपल्याच दाबानं वर चढतं, हवा बाहेर टाकतं आणि पुढं निघतं. शेवटी एका उंच भिंतीवरून धबधब्यासारखं हौदात कोसळतं. त्या पाण्याच्या जोरावर खाली पात्यांचं चाक फिरतं आणि वर दगड फिरतो. मधे ना बैल, ना माणूस. हौदही असा की त्याचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत. उन्हाळ्यात वर पाणी आणि खाली माणसं गारव्याला बसलेली.

बाकीची मुलं हौदातले मासे बघत होती. मी दगडापाशी उभी होते. तो फिरत होता, पण त्यात दाणा नव्हता. तात्यांनी शिकवलेलं होतं म्हणून मला रिकाम्या दगडाचा आवाज ओळखू आला. दाणा असला की दगड घुमतो. रिकामा दगड खरखरतो आणि स्वतःलाच खातो. पूर्वी इथं दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी, फौजेसाठी दळण व्हायचं, असं गुरुजींनी सांगितलं. आता ते बघायला तिकीट होतं.

घरी आल्यावर आजीला सगळं सांगितलं. डोंगरातलं पाणी, मातीचे नळ, आपोआप फिरणारा दगड. आजी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, “पानी दळतंय? मग तितल्या बायका पहाटं काय करत्यात?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही.

आजी लग्न होऊन आली तेव्हा गावात गिरणी नव्हती. पहाटे तीनला उठायचं, जात्याला हात घालायचा, नऊ माणसांच्या भाकरीचं पीठ दिवस उजाडायच्या आत पाडायचं. एक पाय पसरून, एक दुमडून. खुंट्याला दोघींचे हात असले तर बरं, नाहीतर एकटीनं. पोटात मूल असलं तरी जातं चुकायचं नाही. तिच्या उजव्या तळव्यात अंगठ्याच्या खाली एक गाठ होती, वाळल्या बिबीसारखी टणक. गिरणी येऊन वीस वर्षं झाली तरी ती विरली नव्हती. मी झोपताना ती गाठ चाचपत असे.

जात्यावरच्या ओव्यांबद्दल आपण फार प्रेमानं बोलतो. बोलावंच. महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अभ्यासकांनी लाखाच्या वर ओव्या टिपून ठेवल्या आहेत, आणि बायांच्या मनातलं इतकं मोठं भांडार दुसरीकडं कुठं सापडणार नाही. आजीलाही शेकड्यांनी येत होत्या. पण ती जात्यासाठी कधी हळहळली नाही. “गानं दुखण्यावरचं औशीद हुतं बाळ, दुखनं गेलं तर औशीद कशाला हुडकायचं?” असं म्हणायची. गिरणीत पहिलं दळण गेलं त्या दिवशी ती सूर्य उगवेपर्यंत झोपली. ही गोष्ट ती एखाद्या सणाची सांगावी तशी सांगायची.

पुढं कॉलेजात असताना, आणि नंतर नोकरीत, पाणचक्क्यांबद्दल जिथं जे मिळेल ते मी वाचत गेले. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांना ही युक्ती ठाऊक होती. १०८६ साली इंग्लंडच्या राजानं आपल्या मुलखातल्या जमीनजुमल्याची मोजदाद केली तेव्हा सहा हजारांच्या आसपास गिरण्या नोंदल्या गेल्या आणि त्या बहुतेक पाण्यावरच्या. आपल्याकडं हिमालयात घराट आहेत. ओढ्याचं पाणी लाकडी पन्हळीतून खाली सोडायचं, ते आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळतं, चाकाचाच उभा दांडा वर दगडात घुसलेला. दातेरी चक्र नाही, पट्टा नाही. दगड सावकाश फिरतो म्हणून पीठ गार निघतं आणि पुष्कळ दिवस टिकतं. तासाला पाच-दहा किलोच दळतं, पण रात्रंदिवस दळतं.

त्याच वाचनात इंग्लंडमधल्या सेंट आल्बन्स नावाच्या गावाची हकिकत सापडली आणि मी पुस्तक मिटून बसून राहिले. चौदाव्या शतकात तिथल्या मठाची स्वतःची गिरणी होती आणि रयतेनं तिथंच दळायचं, मोल द्यायचं, अशी सक्ती. लोक घरात जात्यावर दळून घेत म्हणून मठाधिपतीनं घरोघरची जाती जप्त केली आणि मठात त्यांची फरशी करून घातली. पन्नास वर्षांनी, १३८१ साली, लोक उठले. मठात घुसून त्यांनी ती फरशी उखडली आणि जात्यांचे तुकडे प्रसादासारखे आपापसांत वाटून घेतले. आजीला ही गोष्ट सांगायला हवी होती. तिला दोन्ही बाजू कळल्या असत्या. जातं नको असणं वेगळं आणि ते कुणी हिसकावून नेणं वेगळं.

आमच्याकडं पाणचक्की का झाली नसावी? पाण्याची तर कमी नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होते. पण आमच्या नद्यांचं वागणं चाकाला मानवणारं नाही. पावसाळ्यात काठ सोडून अर्धा कोस पसरतात, आणि धरणं होण्याआधी चैत्र-वैशाखात गुडघाभर पाण्यावर येत. पात्र खोल, काठ काळ्या मातीचे, पाणी पडायला उतार नाही. म्हणून इथल्या माणसानं वेगळी अक्कल चालवली. दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा सरला की खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाऊस तोंडावर आला की काढून घ्यायचे. या बंधाऱ्याला देशभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात. आमच्या नदीचं पाणी पाडून वापरायचं नसतं, तुंबवून वापरायचं असतं.

हे कारण खरं आहे. पण एवढंच नाही, असं मला वाटत आलंय. डोंगरातून कोसन्‌कोस नळ घालायचा खटाटोप माणूस केव्हा करतो? शेकडो तोंडांचं दळण कुठंतरी एका ठिकाणी करायचं असतं आणि त्याची मजुरी मोजावी लागते, तेव्हा. दर्ग्यात ती मोजावी लागत होती. घरात ती कुणी मोजली? पहाटे तीनला उठणारी बाई प्रत्येक घरात होती, बिनपगारी, बिनबोभाट. जिथं हात फुकट आहेत तिथं नदीला कामाला लावायची निकड कुणाला वाटणार? आजीच्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर हे आहे. तळव्यावरच्या गाठीत ते पहिल्यापासून होतं.

नदीला खऱ्या अर्थानं कामाला लावलं ते शाहू महाराजांनी. भोगावतीवर धरण बांधायचं, राजकन्या राधाबाई अक्कासाहेबांच्या नावानं राधानगरी वसवायची, हे गेल्या शतकाच्या पहिल्या दशकातलं. पैसा कमी पडला, काम अर्ध्यावर थांबलं, महाराज १९२२ साली गेले आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचं पन्नासचं दशक उजाडलं. धरणाच्या पायथ्याला वीजघर झालं. पुढं तिकडं कोयनेत वीज तयार व्हायला लागली. गावात तारा आल्या तेव्हा तात्यांनी इंजिनाच्या शेजारी मोटर बसवली. त्या तारेतल्या विजेत कुठलं पाणी किती, हे कोण सांगणार? पण राधानगरीच्या पायथ्यातून बाहेर पडलेलं पाणी आमच्या गिरणीच्या मागून वाहत होतं, हे मला दिसत होतं. आमच्या गावात पाणी दळत होतं, फक्त पन्हळीऐवजी तारेतून येऊन. इंजिन मागच्या खोलीत तसंच राहिलं आणि भारनियमनाच्या काळात वर्षानुवर्षं तेच धावून आलं.

गिरणी म्हणजे बायांना कारण न देता थांबता येईल अशी गावातली एकच जागा होती, हे मला आज जास्त जाणवतं. देवळात गेलं तर दर्शन घेऊन निघायचं, पाणवठ्यावर घागर भरली की चालायला लागायचं. गिरणीत मात्र डब्यांची रांग असायची आणि रांगेला कुणी बोलू शकत नाही. जोंधळ्यावर गहू टाकायचा नाही, गव्हाच्या मागं गहूच जाऊ दे, उपवासाचं वेगळ्या दिवशी. तेवढ्या वेळात कुणाची सोयरीक जुळायची, कुणी माहेरचा निरोप द्यायचं, कुणी नुसतंच भिंतीला टेकून बसायचं. एक वहिनी होत्या, घरात फार त्रास होता त्यांना. त्या कायम आपला डबा शेवटी लावायच्या. तात्यांना ते माहीत होतं. पुढचे डबे संपले तरी ते पट्टा तपासायचे, दगडाचं चक्र आवळायचे, पुन्हा सैल करायचे. एकदाही विचारलं नाही. भुवयांवर आणि पापण्यांवर पीठ बसलेला तो माणूस, जिवाचा कान करून दगडाचा आवाज ऐकत उभा आहे, असंच कुणालाही वाटलं असतं.

गिरणी एका दिवसात गेली नाही. आधी जोंधळा गेला. काठच्या रानात ऊस चढला, साखर कारखान्याची बिलं यायला लागली, घराघरात पैसा आला. त्यात वाईट काय? माझी फी उसाच्याच बिलातून भरली गेली. पण ज्या रानात जोंधळ्याची कणसं डोलायची तिथं वर्षभर ऊस उभा राहिला आणि दळायला न्यायचं धान्य दुकानातून यायला लागलं. मग दुकानात पीठच यायला लागलं, प्लास्टिकच्या पिशवीत. मग ज्यांना पिशवीतलं नको त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजएवढी घरगुती चक्की आली. दिवसाला साठ डबे लागायचे तिथं पंधरा राहिले.

आणि पाणी आलं. २००५च्या जुलैत गिरणीत कमरेएवढं आलं होतं, तेव्हा तात्यांनी मोटर खोलून वाळवली, दगड धुतले, महिन्यात गिरणी सुरू केली. २०१९च्या ऑगस्टमध्ये त्यांना ते जमलं नाही. आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीत फोनला चिकटून होतो. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे. एक उघडला की १,४२८ क्युसेक, हा आकडा आमच्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आठवड्याभरानं गावात पोचले तेव्हा गिरणीची नदीकडची भिंत बसलेली होती. हॉपरमध्ये गाळ, कापडी बाहीत गाळ, डंकाच्या उखळात एक मेलेला मासा. मातीची भिंत आठवडाभर पाण्यात उभी राहत नाही. तात्या काही बोलले नाहीत. इंजिन भंगारात गेलं, किलोवर. तुकडे करून न्यावं लागलं, अख्खं उचलेना. खालचा दगड अजून जागेवर आहे, वरचा परड्यात चिंचेखाली निजलाय आणि त्याच्यावर कपडे धुतात.

औरंगाबादची नहरसुद्धा उन्हाळ्यात कोरडी पडते आणि चक्की थांबते, अशा बातम्या अधूनमधून वाचते. तीनशे वर्षं चाललेलं पाणी आपल्या हयातीत अडतं, याचं फार वाईट वाटतं.

गेल्या दिवाळीत गावचं जुनं घर उतरवलं तेव्हा माजघराच्या कोपऱ्यात आजीचं जातं निघालं. भावानं विचारलं, बागेत ठेवायचं का, कारंजं करतात हल्ली त्याचं. मी म्हटलं, मला दे. फुलेवाडीला आणलं, धुतलं, खुंटा नवा बसवून घेतला. दळून बघितलं तर दाणा तसाच बाहेर. हात फिरवला, दोन्ही तळ्या आरशासारख्या गुळगुळीत. पूर्वी गल्लीतून आरोळी यायची, जात्याला टाकीऽऽ म्हणून. वर्षभर कान देऊन होते, एकदाही आली नाही.

शेवटी जातं गाडीत घालून परत गावाला घेऊन गेले. तात्या ब्याऐंशीचे आहेत. ऐकायला कमी येतं, उठताना गुडघ्याला हात लावतात. जातं बघून त्यांनी सुनेला फळीवरची पिशवी काढायला सांगितली. टाकी, हातोडी, आणि गेरूचा खडा वर्तमानपत्रात बांधलेला. पोतं अंथरलं. डोळे अर्धे मिटले. टक्, टक्, टक्. मधेच थांबून त्यांनी माझं बोट धरलं आणि रेघेवरून फिरवलं, चाळीस वर्षांपूर्वीसारखंच.

“नवी टाकी हाय. पयल्यांदा कण्या घाल, आणि ते टाकून दे. दगडाची पूड असती.”

मी पाय पसरून बसले. कण्यांच्या दोन वैरणी, म्हणजे दोन मुठी, जात्यात घातल्या, दळल्या, फडक्यावर काढून बाजूला ठेवल्या. तिसरी वैरण जोंधळ्याची. जातं घुमायला लागलं तसे तात्या पुढं झुकले, बरा ऐकू येणारा कान जात्याकडं करून. पाळीवर पांढरं पीठ उतरलं. त्यांनी चिमूट घेतली, अंगठा आणि बोटात चोळली, जिभेवर ठेवून दाताखाली दाबली.

“कच लागतीया अजून,” ते म्हणाले. “घाल आणिक एक.”

मी वैरण घातली.